नववीची तयारी सातवीतच

विदर्भात ऊन लवकर उतरत नाही, म्हणून इथल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. त्या मधल्या दिवसांत नागपूरचे पालक वह्या, दप्तर, गणवेश, बूट यांच्या मागे असतात. मूल आठवीतून नववीत जात असेल तर शिकवणीही तेव्हाच ठरते. एवढी तयारी प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे करतेच. पण माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलापुढचा बदल याहून मोठा असतो आणि त्याची तयारी एकट्या घराला पेलणारी नाही. आठवीपर्यंत शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्क असतो. नववीपासून ते आईबापांच्या ऐपतीवर येते. म्हणून माझे म्हणणे असे की पालकांनी या तयारीला सातवीतच लागावे, आणि महापालिका, जिल्हा परिषद व शिक्षण विभाग यांनी ती आपलीही जबाबदारी मानावी. पुढचे मुद्दे त्यासाठी.

१. कायदा आठवीच्या दारात थांबतो

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण सगळे त्याला आरटीई म्हणतो. हा कायदा जिथे संपतो तिथे एकाच उन्हाळ्यात काय काय हातातून सुटते, ते एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावे. सरकारी आणि अनुदानित शाळांतली मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. खासगी शाळेतली दुर्बल घटकांसाठी राखीव २५ टक्क्यांमधली मोफत जागा आठवीपर्यंत. मुलाचे नाव शाळेतून काढता येत नाही, हे संरक्षण आठवीपर्यंत. घरापासून शाळा किती लांब असावी याचाही नियम आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटर. नववीसाठी तसे अंतर त्यात नाही.

मूल तेव्हा १३-१४ वर्षांचे असते. बालमजुरीचा कायदाही नेमका याच वयाला सैल होतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, पण १४ ते १८ वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांची मनाई आहे. शाळेचा हक्क संपण्याचे आणि कामाचे दार उघडण्याचे वय एकच असावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. घरात पैशाची ओढाताण असेल तर निर्णय कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मोठा मुलगा गॅरेजवर जातो, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहते, आणि त्याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही.

त्यात आठवीच्या परीक्षेची भर पडली आहे. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षा मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. वरच्या वर्गात सरकत आलेल्या मुलाला आठवीत हा धक्का बसू नये, यासाठी पालकांनी सातवीच्या दिवाळीनंतरच वर्गशिक्षकांना भेटून वाचन आणि गणित कुठे आहे ते विचारावे. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून ते कळत नाही. मुलाला अनोळखी पान वाचायला द्या, भागाकाराची दोन गणिते घाला, म्हणजे घरीच कळेल.

२. मोफत जागेवर शिकलेल्या मुलाची नववी

हा मुद्दा सगळ्यांत अडचणीचा, म्हणून थोडे थांबून बोलतो.

समजा, एखादी आई चार घरची धुणीभांडी करते आणि बाप ऑटो चालवतो. त्यांच्या मुलीचा नंबर आरटीईच्या सोडतीत लागला आणि ती जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिलीला गेली. आठ वर्षे शिक्षणशुल्क लागले नाही. सरकार त्या जागेपोटी शाळेला परतावा देते. मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये हा दर राज्याने अनेक वर्षे धरला होता, आणि तोही वेळेवर मिळत नाही म्हणून शाळांच्या संघटना सतत तक्रार करत आल्या आहेत. नववीत त्या मुलीला शाळेची पूर्ण फी भरायची असते. तिची भाषा आता इंग्रजी झालेली आहे, मैत्रिणी तिथल्या आहेत, दहावी दोन वर्षांवर आली आहे. अशा वेळी शाळा सोडायची की कर्ज काढायचे, हा प्रश्न आठवीच्या निकालाच्या दिवशी घरात येतो. तो दोन वर्षे आधीच माहीत असलेला प्रश्न आहे, आणि तरीही बहुतेक घरांना तो अचानक आल्यासारखा वाटतो.

राज्यात २०१२-१३ मध्ये या जागांवर पहिलीत गेलेली मुले २०२०-२१ मध्ये नववीत पोहोचली. ते कोरोनाचे वर्ष होते. आईबापांचे रोजगार गेले होते, वर्ग मोबाइलवर भरत होते, आणि मोफत शिक्षणाची मुदत नेमकी तेव्हा संपली. त्या मुलांपैकी कितीजण त्याच शाळेत राहिले, कितीजण दुसरीकडे गेले, कितीजण कुठेच गेले नाहीत, याचा शहरवार हिशेब लोकांसमोर ठेवायला हवा होता. आजही तो मागायला उशीर झालेला नाही.

पालकांनी काय करावे? मूल सातवीत असतानाच शाळेकडे नववी आणि दहावीच्या फीची रक्कम लेखी मागावी. नुसते शिक्षणशुल्क नको. सत्रशुल्क, प्रयोगशाळा, संगणक, बस, पुस्तके, सगळे मिळून. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावी लागते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. समितीत पालक सोडतीने येतात. २५ टक्क्यांच्या जागेवरच्या मुलाचे पालकही त्या सोडतीला पात्र असतात, पण संकोचाने चिठ्ठी टाकत नाहीत. त्यांनी ती टाकलीच पाहिजे. नववीची फी ठरते तेव्हा ज्यांना ती सर्वांत जड जाणार आहे, त्यांच्यातला कुणी तरी त्या टेबलाशी हवा.

आणि एक खाचखळगा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे आपण जिला एनएमएमएस म्हणतो ती, आठवीत परीक्षा घेऊन नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये देते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. ज्या घरासाठी ती जणू बेतलेली आहे, त्याच घरातल्या आरटीईच्या मुलीला तिला बसता येत नाही, कारण ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. सरकारनेच तिला खासगी शाळेत पाठवले आणि सरकारच आता तू खासगी शाळेतली म्हणून मदत नाकारते. हा अन्याय एका ओळीच्या दुरुस्तीने दूर होण्यासारखा आहे.

इतर राज्यांनी वाट काढली आहे. छत्तीसगडने २०१९ मध्ये या जागांवरच्या मुलांचे मोफत शिक्षण बारावीपर्यंत नेले. राजस्थानने २०२२ मध्ये आरटीईतून शिकलेल्या मुलींची नववीपासून बारावीपर्यंतची फी भरण्याची योजना आणली. छत्तीसगड हा एके काळी त्याच मध्य प्रांताचा भाग होता, ज्याची राजधानी नागपूर होती. त्यांना जमते ते महाराष्ट्राला का जमू नये? केंद्रानेही हे टाळले. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत वाढवण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात बारावीपर्यंत सर्वांनी शिकावे हे उद्दिष्ट राहिले, पण हक्काची ती स्पष्ट शिफारस राहिली नाही.

३. शाळा कितवीपर्यंत आहे?

नागपुरात महापालिकेच्या आणि आसपासच्या गावांत जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा मुलाला दहावीपर्यंत नेत नाहीत. कुठे चौथीला थांबते, कुठे सातवीला, कुठे आठवीला. महाराष्ट्राची जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी होती. केंद्राच्या कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी घडी सांगितली. दोन्ही घड्या अजून एकमेकींत नीट बसलेल्या नाहीत. परिणाम असा की गरीब घरातले मूल दहावीपर्यंत दोनदा, कधी तीनदा शाळा बदलते, आणि सधन घरातले मूल नर्सरीपासून एकाच फाटकातून आत जाते.

प्रत्येक बदलाला नवी जागा, नवे शिक्षक, नवी वेळ. राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले. पाचवीपासून ती सवलत नाही. दोन पाळ्यांत चालणाऱ्या माध्यमिक शाळेत सकाळपाळी मिळाली तर त्याच मुलाला सातच्या ठोक्याला वर्गात असावे लागते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

दाखल्याच्या बाबतीत पालकांना एक गोष्ट ठाऊक हवी. आरटीईच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंत शाळा बदलताना जुन्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला आला नाही एवढ्यावरून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. थकलेल्या फीसाठी टी.सी. अडवून ठेवण्याचे प्रकार होतात, तेव्हा हे कलम लेखी अर्जात लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

माझी मुख्य मागणी मात्र महापालिकेकडे आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेला एक ठरलेली माध्यमिक शाळा जोडलेली असावी, आणि ती यादी आठवीच्या दिवाळीपूर्वी पालकांच्या हातात असावी. इंग्लंडमध्ये ११ वर्षांच्या मुलाला माध्यमिक शाळेत जागा देण्याचे काम स्थानिक कौन्सिल करते. दर वर्षी १ मार्चच्या सुमारास सगळ्या पालकांना एकाच दिवशी शाळेचे नाव कळते, आणि पुढे मुले नव्या शाळेत एक-दोन दिवस घालवूनही येतात. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण आठवीची मुले एका शनिवारी शिक्षकांबरोबर दीड किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत जाऊन येणे, तिथली प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह पाहणे, तिथल्या मुख्याध्यापकांनी पालकांशी अर्धा तास बोलणे, याला काय खर्च येतो?

४. कागद

दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, जी जन्मतारीख छापून येते, ती शाळेच्या जनरल रजिस्टरमधून येते. मूल ती शाळा सोडून गेले की तिथली नोंद बदलणे फार अवघड होते. म्हणून दाखला काढण्याआधी रजिस्टरातली नोंद डोळ्यांनी पाहावी. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. आधारवर एक शुद्धलेखन, जन्मदाखल्यावर दुसरे, शाळेत तिसरे, अशी स्थिती असेल तर ती आठवीतच एक करून घ्यावी. नववीत ते जमले नाही तर दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव होते आणि पुढे पासपोर्टपर्यंत ती चूक मागे लागते.

जातीच्या दाखल्याचे काम त्याहून वेळखाऊ आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे वास्तव्य आणि जातीचे पुरावे मागितले जातात. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली कागद. तो उमरेडला, काटोलला, भंडाऱ्याला, कदाचित बालाघाटला पडलेला असतो. दोन वर्षे हाताशी असली की तो शोधता येतो. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभे राहून शोधता येत नाही.

५. अनुदानित शाळा, देणगी आणि दलाल

महाराष्ट्रात अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे. शिक्षकांचा पगार सरकार देते. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत, महाल, सीताबर्डी, धंतोली, काँग्रेसनगर या भागांत अशा नावाजलेल्या माध्यमिक शाळा आहेत. आरटीईतून बाहेर पडणाऱ्या किंवा महापालिकेच्या आठवीतून येणाऱ्या मुलासाठी हाच खरा आधार. पण फॉर्म भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा: हा वर्ग अनुदानित तुकडीचा आहे का? एकाच इमारतीत मराठी तुकडी अनुदानित आणि इंग्रजी तुकडी विनाअनुदानित असते. फाटक एक, गणवेश एक, फी वेगळी. शाळेच्या पाटीवरून ते कळत नाही.

प्रवेशासाठी देणगी मागणे बेकायदा आहे. आठवीपर्यंत आरटीईचे कलम १३ लागू होते. त्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे, आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड केल्यास पहिल्यांदा २५,००० आणि नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड. नववीला कलम १३ नसले तरी राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे. पावती मागा. पावती मिळणार नसेल तर पैसे देऊ नका, आणि मागणी झाल्याचे शिक्षणाधिकाऱ्यांना लिहून कळवा. एकट्याने लिहायला भीती वाटते म्हणून पाच पालकांनी मिळून लिहा.

दलालापासून तर दूरच राहावे. २०२४ मध्ये नागपुरात आरटीई प्रवेशासाठी खोटी कागदपत्रे दिल्याबद्दल पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. खोटा पत्ता, खोटा भाडेकरार कुणीतरी पैसे घेऊन बनवून देतो आणि सही मात्र पालकाची असते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला, बनावट आयडीवर शिक्षक-कर्मचाऱ्यांना पगार निघाल्याचे पुढे आले आणि शिक्षण खात्यातले अधिकारी अटकेत गेले. त्यानंतर आपल्या मुलाला नववीत गणित आणि विज्ञान कोण शिकवते, त्यांची पात्रता काय, हे विचारणाऱ्या पालकाला कुणी आगाऊ म्हणू नये. तो प्रश्न पालकसभेत जोरात विचारावा.

६. बोर्ड आणि माध्यम

शाळा बदलायचीच असेल तर ती आठवीला किंवा नववीच्या सुरुवातीला बदलावी. दहावीच्या उंबरठ्यावर बोर्ड बदलणे मुलाच्या जिवावर येते, आणि नियमही आडवे येतात. इंग्रजी माध्यमातून येणाऱ्या मुलासाठी सेमी-इंग्रजी तुकडी हा चांगला पूल आहे, कारण तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतच राहते. अडते ते मराठीत आणि इतिहासात. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली असली तरी कॉन्व्हेंटमधले मराठी आणि राज्य मंडळाच्या नववीचे मराठी यांत बरेच अंतर आहे. सातवीपासून घरी रोज वर्तमानपत्राची एक बातमी मोठ्याने वाचायला लावली तर ते अंतर कमी होते. हिंदी, तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना याची जास्त गरज असते, आणि नागपुरात अशी घरे पुष्कळ आहेत.

७. ‘नववीत गेला, आता गाडी घेऊन दे’

या मुद्द्यावर मला पालकांशी स्पष्ट बोलायचे आहे. नागपुरात शहर बेसा, बेलतरोडी, वाठोडा, खरबीकडे पसरले, आणि जुन्या अनुदानित माध्यमिक शाळा मात्र मध्यवस्तीत राहिल्या. म्हणून लेआउटमधून शाळेत जायचे कसे हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर म्हणून १४ वर्षांच्या मुलाच्या हातात मोपेडची किल्ली देणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचे होईपर्यंत परवाना नाही. कायदा बाजूला ठेवला तरी रिंग रोडवरच्या ट्रकांमध्ये तीन मुले एका गाडीवर बसून शिकवणीला जाताना आपण रोज पाहतो. त्यांना अडवणारा मोठा माणूस प्रत्येक घरात हवा.

पर्याय आहेत आणि वाढवताही येतील. मेट्रोच्या दोन मार्गिका, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत आहे. अडचण स्थानकापासून शाळेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची आहे. महापालिकेची आपली बस सकाळी साडेसहाला आणि दुपारी बाराला शाळांच्या पाळ्यांशी जुळवून धावली तर निम्मा प्रश्न सुटेल. शाळाबससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे त्यात अपेक्षित आहे. ती समिती शेवटची कधी बसली, हे पालकांनी विचारावे. आणि शाळांभोवतीच्या अर्धा-एक किलोमीटरच्या पट्ट्यात सायकलीसाठी सुरक्षित रस्ता मिळावा, ही मागणी प्रत्येक प्रभागातून जायला हवी.

८. कोचिंगची घाई

आठवीच्या मुलासाठी जेईई-नीटच्या फाउंडेशन बॅचची पत्रके शाळेच्या फाटकापाशीच वाटली जातात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या: १६ वर्षांखालच्या, म्हणजे दहावी न झालेल्या मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये. राज्याने त्या कडकपणे अमलात आणाव्यात, आणि पालकांनीही थोडा धीर धरावा. नववीत मुलाचे शरीर बदलत असते, शाळा नवी असते, अभ्यासक्रमाचा भार दुप्पट वाटतो. सकाळी सातला शाळा, दुपारी चारला कोचिंग, रात्री गृहपाठ असे वेळापत्रक १४ व्या वर्षी बांधले तर मैदान आणि झोप दोन्ही जातात. तोच पैसा दहावीनंतरसाठी वेगळा ठेवलेला बरा.

९. मुलींसाठी आणि दिव्यांग मुलांसाठी

नववीच्या मुलीच्या तयारीत शाळेचे स्वच्छतागृह पहिल्या क्रमांकाला हवे. पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, पॅड टाकायची सोय आहे का. प्रवेशाच्या वेळी आईने स्वतः आत जाऊन पाहावे, यात संकोच कशाचा? राज्याने २०२२ मध्ये शाळांमध्ये मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली. तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का तेही पाहावे. विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना आठवी ते दहावी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची तुटपुंजी रक्कम मिळते. ही रक्कम आज एका आठवड्याच्या ऑटोभाड्यालाही पुरत नाही. ती वाढलीच पाहिजे.

जाईबाई चौधरी यांचे नाव इथे घेतले पाहिजे. उमरेडकडच्या एका दलित घरात जन्मलेल्या या बाईंनी नागपूर-कामठी वाटेवर ओझी वाहून पोट भरले, शिकल्या, आणि १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. तेव्हा मुलींच्या शिक्षणाचा कुठलाही हक्क कागदावर नव्हता. ज्या शहरात हे घडले, त्या शहरात आज मुलीची शाळा आठवीनंतर फीपायी सुटू नये, एवढी अपेक्षा मोठी नाही.

दिव्यांग मुलांच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे नववी-दहावीतही तो आहे. शाळेला हे माहीत नसेल तर कलम ३१ दाखवा. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी आणि लेखनिकासाठी लागणारे प्रमाणपत्र नववीतच काढून ठेवा. आणि इतरांनीही याकडे पाहावे: एका गटातल्या मुलांसाठी संसदेने हक्क १८ वर्षांपर्यंत नेला आहे, म्हणजे ते अशक्य नाही.

१०. मागायचे काय आणि कुठे

पहिली मागणी महापालिका आणि जिल्हा परिषदेकडे. आठवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे ‘नववीत प्रवेश कुठे’ हा रकाना असावा, आणि तो ३१ जुलैपर्यंत भरलेला असावा. विद्यार्थ्यांची नोंद ऑनलाइन आहे, प्रत्येकाचा क्रमांक आहे, त्यामुळे हे काम एखाद्या शिक्षकाला दारोदार हिंडवून करायचे नाही. रकाना रिकामा राहिला त्या मुलाच्या घरी मात्र कुणीतरी गेलेच पाहिजे. खासगी शाळांतल्या २५ टक्क्यांच्या मुलांनाही हाच रकाना लागू करावा, कारण त्यांचे पैसे सरकारनेच भरलेले होते.

दुसरी मागणी राज्याकडे. आरटीईच्या जागेवर शिकलेल्या मुलांची नववी-दहावीची फी राज्याने भरावी, निदान मुलींपासून सुरुवात करावी. मोफत पुस्तके आणि दुपारचे जेवण दहावीपर्यंत न्यावे. एनएमएमएसमधून या मुलांना वगळणारी अट काढण्याचा ठराव करून तो केंद्राकडे पाठवावा.

ही मागणी मांडायला नागपूरच्या पालकांना मुंबईला जावे लागत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथेच भरते, आणि राज्यभरातून लोक आपापली निवेदने घेऊन इथे येतात. आठवीतल्या मुलांच्या पालकांनी सप्टेंबरातच शाळाशाळांतून सह्या गोळा कराव्यात, पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव करून घ्यावा, आपापल्या आमदाराची वेळ मागून घ्यावी. निवेदनाला गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतून आठवी झालेल्या मुलांची आकडेवारी जोडावी: किती नववीत गेले, किती कुठे गेले ते शाळेलाही माहीत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांकडे ती आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अर्ज ऑक्टोबरात टाकला तर अधिवेशनापूर्वी उत्तर हातात येते.